ऊर्जेचा पाठ ताटापासून : भट्टीवरच्या आणि पाड्यावरच्या वर्गांसाठी



आपल्यापैकी बरेच जण दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि पावसाळ्यात पाड्यांवर मुलांचे वर्ग घेतात. अक्षरओळख आणि बेरीज-वजाबाकी आपल्याला जमते; पण विज्ञानाचा विषय आला की आपण अडखळतो. "ऊर्जेचे प्रकार सहा-सात वर्षांच्या मुलांना कसे शिकवायचे?" हा प्रश्न गेल्या बैठकीत दोघा-तिघांनी विचारला. त्याला उत्तर म्हणून हा पाठ लिहिते आहे. मी विज्ञानाची पदवीधर नाही. माझी पदविका ईशज्ञानाची आहे आणि काम समाजसेवेचे. त्यामुळे जे लिहिते ते वर्गात चुकत चुकत शिकलेले आहे. सुरुवात चुकीपासूनच करते.

माझी चूक

टिटवाळ्याच्या पुढे एका वीटभट्टीवर ताडपत्रीखाली आमचा वर्ग भरत असे. मुले मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतून आलेल्या कातकरी कुटुंबांची. जानेवारीतल्या एका सकाळी मी कल्याणहून एक रंगीत तक्ता घेऊन गेले. त्यावर ऊर्जेची नऊ चित्रे होती : उष्णता, प्रकाश, ध्वनी, वीज वगैरे. "कार्य करण्याच्या क्षमतेला ऊर्जा म्हणतात" हे वाक्य मी मुलांकडून दहा वेळा म्हणवून घेतले. मुलांनी ते सुरात म्हटले, मला बरे वाटले.

पुढच्या रांगेत सात वर्षांची एक मुलगी बसल्या बसल्या पेंगत होती. मी तिला उठवून उभे केले आणि विचारले, "सांग, ऊर्जा म्हणजे काय?" ती म्हणाली, "बाई, झोप येते." सगळी मुले हसली. मीही जरा रागावून तिला खाली बसवले.

वर्ग सुटल्यावर तिची आई पाण्याचा हंडा घेऊन जाताना थांबली. म्हणाली, "ताई, तिला रागावू नका. रात्री दोनला आमच्यासंगं उठली ती, विटा पलटायला. भात रातीच सरला व्हता. सकाळी कोरा चहा पिऊन आली."

मी परतीच्या रिक्षात बसून हिशोब केला. कोऱ्या चहात दोन चमचे साखर असेल तर त्यातून शरीराला सुमारे ४० किलोकॅलरी मिळतात. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १,७०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे सात तास जागून, काम करून, चाळीस किलोकॅलरींवर बसलेल्या मुलीला मी ऊर्जेची व्याख्या विचारत होते. खरे तर त्या दिवशी तिनेच बरोबर उत्तर दिले होते, मला ते ऐकू आले नाही. शुभवर्तमानात याईराची मुलगी उठून बसल्यावर प्रभूने काय सांगितले ते आपण सर्वांनी वाचले आहे : तिला खायला द्या. मी ते अनेकदा शिकवले होते.

त्या दिवसापासून दोन गोष्टी बदलल्या. वर्गाआधी मुलांच्या हातावर शेंगदाणे आणि गूळ पडू लागला. आणि ऊर्जेचा पाठ तक्त्यापासून सुरू करायचे मी सोडले. तो ताटापासून सुरू केला.

हा मार्ग नवा नाही

आपल्याच भागात हे काम फार पूर्वी झाले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये वाढले. हा सारा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत, हे त्यांनी ओळखले आणि बिया, पाने, शिंपले, दगड, काड्या हीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्या मुलांच्या अंगणात गेल्या, तीच अंगणवाडी. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. पुढे वसई भागात विधायक संसदेने वीटभट्टीवरच्या झोपड्यांजवळ भोंगाशाळा चालवल्या, त्यामागेही हाच विचार होता.

आपल्याला यातून एवढेच घ्यायचे आहे : मूल जिथे आहे आणि त्याच्या हातात जे आहे, तिथून पाठ सुरू करायचा. ऊर्जेच्या बाबतीत भट्टीवरचे मूल शहरातल्या मुलापेक्षा पुढे असते. त्याने आग लावलेली, वारा पाहिलेला, ओझे उचललेले असते. त्याच्याकडे फक्त शब्द नसतात.

शब्द आधी त्यांचे, मग पुस्तकाचे

पहिल्या दिवशी "ऊर्जा" हा शब्द फळ्यावर लिहू नका. मुलांना विचारा : ओझे उचलायला काय लागते? ती म्हणतील ताकद, जोर. चुलीजवळ बसल्यावर काय लागते? धग, ऊब. दम कधी लागतो? बल्ब कशाने लागतो? "लाईटीने." हे सगळे शब्द फळ्याच्या एका बाजूला चित्रांसह मांडा. मग सांगा, की या सगळ्यांमागे जे एक आहे, त्याला पुस्तकात ऊर्जा म्हणतात. ती निरनिराळी रूपे घेते.

एक खबरदारी शिकवणाऱ्यासाठी. बोलताना आपण ताकद, बळ, शक्ती, ऊर्जा हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. शास्त्रात बल म्हणजे ढकलणे किंवा ओढणे, ऊर्जा म्हणजे काम करण्याची क्षमता, आणि शक्ती म्हणजे ते काम किती वेगाने होते ते. लहान मुलांना हा फरक शिकवायची गरज नाही. पण आपण स्वतः पाचवीच्या मुलासमोर घोटाळा करू नये.

"लाईट" या शब्दाकडेही लक्ष द्या. "लाईट गेली" म्हणताना आपण वीज आणि उजेड दोन्ही एकाच शब्दात गुंडाळतो. मुलांना वाटते वीज म्हणजे उजेड. म्हणून विचारा : पंखा फिरतो तेव्हा उजेड पडतो का? मोबाईल चार्ज होतो तेव्हा? मग तारेतून येते ते काय, आणि बल्बातून पडते ते काय? हा एक प्रश्न पूर्ण तासाचे काम करतो.

पाठ १ : ताट

साहित्य : जुन्या पुठ्ठ्याचे पाच तुकडे. त्यावर मुलांकडूनच चित्रे काढून घ्या : पळणारी मुलगी, ताटातला भात, भाताचे शेत, सूर्य, आणि एक कोरा तुकडा.

प्रथम मुलांना जागेवर वीस उड्या मारायला सांगा. मग विचारा : उड्या कशामुळे मारता आल्या? ताकद कुठून आली? मुले म्हणतात, "खाल्लं म्हणून." काय खाल्लं? भात, नाचणीची भाकरी, सुका जवळा. भात कुठून आला? शेतातून. रोप कशावर वाढले? पाणी, माती आणि ऊन. इथे थोडे थांबा. रोपाला सावलीत ठेवले तर काय होते, हे शेतातल्या मुलांना माहीत असते : ते पिवळे पडते, लांबडे होते. म्हणजे पाणी आणि माती असूनही उन्हावाचून चालत नाही. उन्हातली ऊर्जा पाने पकडून ठेवतात, तीच दाण्यात साठते.

आता मुलांना एका ओळीत उभे करा आणि तुकडे हातात द्या. सूर्यापासून सुरू करून प्रत्येकाने पुढच्याच्या हातात एक खडा द्यायचा : सूर्याने शेताला, शेताने भाताला, भाताने मुलीला. खडा एकच असतो, फक्त हात बदलतात. शेवटच्या मुलीने उडी मारायची. ऊर्जा नव्याने तयार होत नाही, नाहीशीही होत नाही, फक्त रूप बदलते, हा शास्त्रातला मोठा नियम सहा वर्षांच्या मुलाला एवढ्याने कळतो.

कोरा तुकडा मुलीच्या पुढे ठेवा आणि विचारा : उडी मारून झाल्यावर खडा कुठे गेला? कोणीतरी सांगतेच, "अंग गरम झालं." बरोबर. ऊर्जा अंगातून उष्णता होऊन हवेत गेली. कोऱ्या तुकड्यावर ते चित्र काढून घ्या.

शिकवणाऱ्यासाठी काही आकडे : सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे आणि त्याचा प्रकाश पृथ्वीवर पोचायला सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात. १०० ग्रॅम कच्च्या तांदळातून साधारण ३५० किलोकॅलरी मिळतात. शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे ठरलेले आहे. पण भट्टीवर आलेल्या मुलाचे नाव गावच्या शाळेत असते आणि मूल इथे असते, म्हणून ते ताट त्याच्यापर्यंत पोचत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. गावच्या शाळेतून ते घेऊन जवळच्या शाळेत दाखवले तर मुलाला तिथे बसता येते, आणि त्यासोबत जेवणही येते. ऊर्जेच्या पाठानंतर आपण करायचे पहिले काम हेच.

हा पाठ घेताना "आज सकाळी काय खाल्लं?" हा प्रश्न सगळ्यांसमोर एकेकाला विचारू नका. ज्याने काही खाल्ले नाही, ते मूल खोटे बोलते किंवा गप्प होते. "आपल्याकडे सकाळी काय काय खातात?" असे सर्वांना मिळून विचारा. कोण गप्प आहे ते पाहून ठेवा आणि नंतर बोला.

पाठ २ : भट्टी

भट्टीवरच्या मुलांना आगीबद्दल शिकवायला जाताना मला संकोच वाटतो, इतके त्यांना माहीत असते. भट्टी रचताना विटांच्या थरांत कोळशाची भुकटी आणि भाताचे तूस घालतात, ती खालून पेटवतात आणि ती कित्येक दिवस आतल्या आत जळत राहते, हे त्यांनी मला समजावून दिले. म्हणून इथे मुलांना सांगू द्या, आपण विचारत जा.

तूस हाताला गरम लागते का? नाही. मग जळताना एवढी धग कुठून येते? ती तुसातच होती, लपून होती. लपलेल्या या ऊर्जेला पुस्तकात रासायनिक ऊर्जा म्हणतात. तूस आले भातातून, भात वाढला उन्हावर. पहिल्या पाठातली साखळी मुले स्वतःच जोडतात. मग कोळशाकडे या. खाणीतला कोळसाही एकेकाळी झाडेच होती. आपल्या देशातला बहुतेक कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे. तितक्या जुन्या उन्हाची धग आज विटेला भाजते, असे सांगितले की मुले कोळशाचा तुकडा उलटसुलट करून बघतात. कातकरी घरांतल्या मोठ्या माणसांनी लाकडाचा कोळसा पाडण्याचे काम पिढ्यानपिढ्या केले आहे. एखाद्या आजोबांना वर्गात बोलावून ते कसे करत, हे सांगायला लावा. लाकूड मोकळ्यावर जाळले तर राख होते, माती लोटून हवा कोंडली तर कोळसा होतो. असे का, यावर मुलांना विचार करू द्या. त्या दिवशी वर्गाचा शिक्षक तो आजोबाच असतो, आणि त्याच्या नातवाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

याच पाठात मेणबत्तीचा प्रयोग घ्या. पेटत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास उपडा घाला. ज्योत विझते. जळायला हवा लागते, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. इंग्लंडमधला मायकेल फॅरेडे हा थोर शास्त्रज्ञ लोहाराचा मुलगा होता. शिक्षण बेताचेच, लहान वयात पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचत शिकला. तो श्रद्धावान ख्रिस्ती होता. विजेवरचे त्याचे शोध जगाला माहीत आहेत. पण मुलांसाठी त्याने नाताळच्या सुट्टीत व्याख्याने दिली, त्यांतली सर्वांत गाजलेली एका साध्या मेणबत्तीवर आहेत. आपल्याकडे प्रयोगशाळा नाही, असे म्हणण्याआधी हे आठवावे.

खबरदारी : ज्योतीचे प्रयोग मोठ्यांनीच करायचे. मुलांना हाताच्या अंतरावर बसवा, शेजारी पाण्याची बादली ठेवा, ताडपत्री आणि गवताच्या झोपडीपासून दूर उघड्यावर बसा. भट्टीवर कधीही चढायचे नाही, वरून विझलेली दिसली तरी आत धग असते, हे या पाठात स्पष्ट सांगा. याच पाठात हे सांगणे सोपे जाते, कारण धग दिसत नसली तरी असते, हे मूल नुकतेच शिकलेले असते.

पाठ ३ : बेचकी आणि भवरा

साहित्य मुलांच्या खिशात असते. बेचकीचे रबर थोडे ताणा, खडा सोडा. मग पूर्ण ताणा, सोडा. (दिशा मोकळ्या जमिनीकडे, पक्ष्यांकडे नाही आणि माणसांकडे तर मुळीच नाही.) खडा किती लांब गेला, ते पावलांनी मोजा आणि लिहा. जास्त ताणले तर जास्त लांब का? ताणताना हाताने दिलेली ऊर्जा रबरात साठली. सोडल्यावर ती खड्याची धाव झाली. साठलेली ती स्थितिज ऊर्जा, धावणारी ती गतिज ऊर्जा. नावे शेवटी सांगा, न सांगितली तरी चालेल.

उंचीवरही ऊर्जा साठते. ओल्या मातीवर एक खडा गुडघ्याच्या उंचीवरून टाका, तोच खांद्याच्या उंचीवरून टाका. खळगा कुठला खोल? वीट डोक्यावर चढवायला जास्त जोर का लागतो, हे मुलांच्या मानेला माहीत असते. तो जोर वाया जात नाही, तो उंचीवरच्या विटेत साठलेला असतो. म्हणून पडणारी वीट लागते.

इथे शहापूर तालुक्यातल्या मुलांना त्यांच्याच भागातली गोष्ट सांगा. घाटघर येथे वीजप्रकल्प आहे. वरचे धरण सह्याद्रीच्या माथ्यावर अकोले तालुक्यात, खालचे धरण घाटाखाली शहापूर तालुक्यात चोंढ्याजवळ. दोन्हींच्या उंचीत चारशे मीटरांहून अधिक फरक आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचे पाणी पंपाने वर चढवतात. मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतात. २००८ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाची क्षमता २५० मेगावॅट आहे. पाणी वर चढवायला जेवढी वीज लागते तेवढी परत मिळत नाही, थोडी कमीच मिळते. तरीही हे करतात, कारण वीज नको असते तेव्हा साठवून हवी तेव्हा वापरता येते. ताणून धरलेली बेचकी आणि डोंगरावर चढवलेले पाणी एकाच जातीचे आहे, हे मुलांना लगेच पटते.

हे सांगितल्यावर एका पाड्यावर दहा वर्षांच्या मुलाने मला विचारले, "बाई, पाणी आमच्याकडचं, तर उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर का येतो?" तानसा, मोडकसागर, भातसा हे मुंबईला पाणी देणारे जलाशय याच तालुक्यात आहेत. या प्रश्नाला विज्ञानाच्या पाठात उत्तर नाही. पण "तो विषय वेगळा" म्हणून त्याला गप्पही करू नका. मी त्याला सांगितले, की पाणी आणि वीज कुठे न्यायची हे माणसे ठरवतात, ते निसर्गाने ठरवलेले नाही. म्हणून हा प्रश्न ग्रामसभेत विचारता येतो, आणि तू मोठा झालास की विचार. त्याच्या वडिलांनी तो पुढच्याच ग्रामसभेत विचारला. उत्तर अजून मिळालेले नाही.

पाठ ४ : लाईट

कल्याणच्या आसपासच्या मुलांसाठी हा पाठ आगगाडीपासून सुरू करा. ठाण्याहून कल्याणपर्यंत रेल्वे १८५४ साली आली. तेव्हाचे इंजिन कोळसा जाळून पाण्याची वाफ करी आणि वाफेच्या जोरावर चाके फिरत. कोळसा, धग, वाफ, चाक : ही साखळी मुलांकडून लावून घ्या. मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. पुढे विजेचे मार्ग वाढले आणि रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळे येथे स्वतःचे वीजघर उभारले. तिथेही कोळसाच जळत होता. फरक एवढाच, की आधी कोळसा गाडीत जळत होता, आता तो एका जागी जळू लागला आणि ऊर्जा तारेतून गाडीपर्यंत जाऊ लागली. ते वीजघर आता बंद आहे.

मग वीज कशाकशापासून होते, ते पाहा. कोळशापासून. पडत्या पाण्यापासून : खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून आहे. अणूपासून : तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. वाऱ्यापासून आणि उन्हापासून. कागदाचे भिरभिरे करून वाऱ्यात धरा. पवनचक्की म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. पाड्यावर सौरदिवा असेल तर त्याची साखळी सर्वांत आखूड : सूर्य, पट्टी, बॅटरी, दिवा. पट्टीवर घोंगडी टाकून दिवसभर ठेवा आणि संध्याकाळी दिवा किती वेळ चालतो ते पाहा.

मोठ्या मुलांसाठी एक हिशोब. एक युनिट विजेवर नऊ वॅटचा एलईडी दिवा सुमारे ११० तास जळतो. जुना साठ वॅटचा बल्ब सतरा तासांहून कमी. जुना बल्ब हाताला चटका देतो, कारण त्याची बहुतेक ऊर्जा उजेडाऐवजी उष्णता होऊन जाते. आणि माणसाने दिवसभर जड काम केले, तर त्याच्या अंगमेहनतीची ऊर्जा जेमतेम अर्ध्या युनिटाइतकी भरते. हा आकडा सांगताना जपा. मुलांनी यातून बापाचे कष्ट स्वस्त आहेत असे समजू नये. वीज किती मोठी गोष्ट आहे आणि ती उगाच जाळू नये, हे समजावे.

सुरक्षेचे तीन नियम या पाठात पाठ करून घ्या, हेच काय ते पाठांतर. पहिला : रेल्वेच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. तिला हात न लावताही, नुसते जवळ गेले तरी झटका बसू शकतो. म्हणून डब्याच्या टपावर चढायचे नाही आणि अडकलेला पतंग काढायला काठी घालायची नाही. दुसरा : तुटून पडलेल्या तारेजवळ जायचे नाही, मोठ्यांना सांगायचे. तिसरा : ओल्या हाताने बटणाला हात लावायचा नाही. आकडा टाकून वीज घेतलेल्या झोपड्यांत तार जमिनीवरून गेलेली असते. तिथे मुलांपेक्षा पालकांशी बोलावे लागते, आणि दोष न देता बोलावे लागते.

पाठ ५ : उजळणी

शेवटच्या दिवशी तळहात एकमेकांवर घासायला लावा : हालचालीची उष्णता झाली. रिकामा डबा वाजवा आणि त्यावर तांदळाचे चार दाणे ठेवा. दाणे नाचतात, म्हणजे आवाजातही ऊर्जा आहे. भिंगाने ऊन वाळक्या पानावर गोळा करा (भिंग मोठ्यांच्याच हातात) : प्रकाशाची उष्णता झाली. आता तो नऊ चित्रांचा तक्ता भिंतीला लावा. पहिल्या दिवशी जो परका वाटला असता, तो आता ओळखीचा वाटतो. मुले एकेका चित्रावर बोट ठेवून "हे भट्टीचं, हे बेचकीचं" असे सांगतात.

मुलांच्या तीन समजुती वारंवार भेटतात; त्या हळूच सोडवाव्या लागतात. "जे हलते त्यातच ऊर्जा असते" : ताणलेली बेचकी दाखवा. "ऊर्जा संपते" : संपत नाही, पसरते, चुलीजवळची धग झोपडीभर जाते, पण परत गोळा करता येत नाही. "झोपलेल्या माणसाला ऊर्जा लागत नाही" : छातीवर हात ठेवायला सांगा. हृदय चालू असते, श्वास चालू असतो, अंग गरम असते. पोटात काही नसेल तर शरीर आपल्याच साठ्यातून ती घेते, आणि मूल वाळत जाते. हे शेवटचे वाक्य मुलांना नको, पालकसभेत सांगावे.

शिकवणाऱ्यांनी स्वतःला विचारायचे प्रश्न

१. माझ्या वर्गातली किती मुले आज उपाशी आली, हे मला माहीत आहे का?
२. किती मुले पहाटे कामाला उठतात? त्यांच्यासाठी वर्गाची वेळ बदलता येईल का?
३. किती मुलांकडे शिक्षण हमी पत्रक आहे?
४. या पाठात मुलांनी किती सांगितले आणि मी किती?
५. पाड्यावरच्या कोणत्या मोठ्या माणसाला मी शिकवायला बोलावले?

ज्या मुलीपासून हा पाठ सुरू झाला, तिच्याबद्दल लिहून थांबते. मार्चपर्यंत ती वर्गात येत होती. वर्ग आम्ही सकाळी नऊऐवजी चारला घेऊ लागलो, म्हणजे तिला दुपारी झोपता येई. खड्याचा खेळ ती इतर मुलांकडून करून घेत असे, आणि सूर्य नेहमी स्वतःच होत असे. एकदा तिने खडा परत मागितला. म्हणाली, सूर्याकडचा खडा सरला तर उद्या काय देणार? सूर्याकडे अजून शेकडो कोटी वर्षे पुरेल एवढे आहे, हे मी तिला सांगितले. तिने ते आईला जाऊन सांगितले.

पुढच्या हंगामात तिच्या आईवडिलांनी दुसऱ्या भट्टीवाल्याकडून उचल घेतली आणि ते कुटुंब वेगळीकडे गेले. शिक्षण हमी पत्रक मी पावसाळ्यातच त्यांच्या हाती दिले होते. ते वापरले गेले की नाही, मला समजले नाही. या हंगामात आपल्यापैकी जे भिवंडी, पडघा, वासिंद या बाजूच्या भट्ट्यांवर जातील, त्यांना माझी विनंती आहे : नऊ वर्षांची एखादी मुलगी वर्गात खडा मागून "मी सूर्य" म्हणाली, तर तिचे पत्रक पाहा. आणि त्याआधी तिला काहीतरी खायला द्या.

आपली,
कल्याण येथील एक सहकारी